जोतिराम बंडगरला हवं होतं घाण पाणी

जोतिराम बंडगर कुणाच्याही दारात न कळवता जात नाही. सांगोल्याकडच्या ज्या माळावर तो वाढला तिथं पाहुणा कोसावरून दिसायचा, आणि तो पोचेपर्यंत घरातल्या बाईला अंगण झाडायला, चहा टाकायला आणि नको असलेलं माणूस मागच्या बाजूनं बाहेर घालवायला पुरेसा वेळ मिळायचा. शहरात ही सोय नाही. म्हणून सोलापुरात आल्यापासून जोतिराम फोन करतो. मेहुण्याकडं जायचं तर फोन, न्हाव्याकडं जायचं तर फोन. एकदा त्यानं देवळातल्या पुजाऱ्यालाही फोन लावून, येऊ का म्हणून विचारलं होतं. त्याची बायको ऋतुजा म्हणते, "यम न्यायला आला तर हे त्याला म्हनतील, फोन करून यायचं की."

तो एका खाजगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. राहायला कुंभारीला, कामगारांच्या घरकुलात, भाड्यानं. ऋतुजा शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते. जोतिरामचं काम जंतू वाढवण्याचं. लोकांच्या लघवीतले, थुंकीतले, जखमेतले जंतू काचेच्या ताटलीत पेरायचे, उबेत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. मेले तर रिपोर्टात त्या औषधापुढं एस, नाही मेले तर आर. तो नोकरीला लागला तेव्हा रिपोर्टात एस भरपूर असायचे. मग आर वाढत गेले. आता एखाद्या रिपोर्टात दोन-चार एस एकत्र दिसले, तर लॅबमधले लोक एकमेकांना बोलावून दाखवतात.

हे चाललं होतं तोवर चाललं होतं. मग मायाक्काचा पाय आला.

मायाक्का ही त्याची आत्या. जोतिराम शाळेत गेला तो तिच्यामुळं. मेंढरांमागं घरातलं कुणीतरी चालणं भाग होतं. ती म्हणाली, मी चालते, ह्याला शाळेत बसवा. त्यानंतर ती चालतच राहिली. उन्हाळ्यात नदीकाठाला, पावसाळ्यात परत माळाला. मध्ये कधीतरी तिला साखरेचा आजार झाला, पण मेंढरांना त्याची कल्पना नसल्यामुळं चालण्यात खंड पडला नाही. साखरेनं तळपाय बधिर झाले. बाभळीचा काटा उजव्या पायात घुसला आणि आत मोडला, तो तिला कळलाच नाही. चप्पल पायाला चिकटायला लागली तेव्हा कळलं.

गावच्या डॉक्टरनं आठवडाभराच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत बरं वाटलं, म्हणून उरलेल्या तिनं एका लंगड्या मेंढीला चारल्या. मेंढी खडखडीत बरी झाली. पाय मात्र पुन्हा सुजला. मग दुसरा डॉक्टर, जास्त भारी गोळ्या, त्यातल्याही निम्म्या मेंढराला. मग तिसरा. कळपाची तब्येत त्या वर्षी उत्तम होती.

सोलापूरला आणली तेव्हा तळव्यातून हिरवट पू येत होता. पू ताटलीत पेरला जोतिरामनंच, आणि रिपोर्टही त्यानंच टाईप केला. सुडोमोनास नावाचा जंतू. औषधांच्या यादीपुढं आर, आर, आर. टाईप करताना त्याला एका कळीवरचं बोट उचलावंच लागलं नाही. शेवटी एका औषधापुढं एस होता, पण ते औषध मूत्रपिंडांना झेपत नाही, आणि आत्याची मूत्रपिंडं आधीच थकलेली होती.

सर्जन डॉ. मृत्युंजय. नाव असं असलं तरी ते मृत्यूला जिंकण्यापेक्षा त्याच्याशी वाटणी करण्यावर भर देत: गुडघ्याखालचं तू ने, वरचं मला ठेव. माणूस सरळ होता. म्हणाले, "साखर फार वर आहे. ती खाली येईपर्यंत मी हात लावू शकत नाही. खाली आली की गुडघ्याखाली कापायचं. त्यापुढं मी थांबणार नाही, जोतिराम. तुमची आत्या आहे म्हणूनच थांबणार नाही."

आत्यानं विचारलं, "मग मेंढरामागं कोन जायाचं?"

"मेंढरं विकून टाका, आजी."

जोतिरामनं हे वाक्य आत्याला समजावून सांगायचं टाळलं. ते मराठीतच होतं, हा भाग वेगळा.

इथून पुढं एक विचित्र गोष्ट झाली. इन्सुलिननं साखर उतरायला लागली, आणि साखर जसजशी उतरली तसतसं ऑपरेशन जवळ येत गेलं. रोज सकाळी आत्याचा रिपोर्ट थोडा सुधारलेला यायचा आणि तो बघून जोतिरामचं तोंड उतरायचं. बाकीच्या टेक्निशियननी त्याला आधी पेढे मागितले आणि मग कारण कळल्यावर मागायचं बंद केलं.

त्याच दिवसांत लॅबच्या प्रमुख डॉ. उत्कर्षा म्हमाणे यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बाई हुशार, बोलायला तुटक आणि चहाच्या बाबतीत अत्यंत कडक; त्यात साखर चालत नसे.

"जोतिराम, फाज शोधायचे का?"

"शोधू की मॅडम. कुटं ठेवलेत?"

"ठेवलेले नाहीत. जंतूंना खाणारे विषाणू असतात, त्यांना फाज म्हणतात. माणसाला ते काही करत नाहीत. एका जातीचा फाज एकाच जातीच्या जंतूला मारतो. शेजारच्या जातीकडं ढुंकून बघत नाही."

ही शिस्त ऐकून जोतिरामला ते विषाणू आपल्याकडचेच वाटले.

"म्हणजे तुमच्या आत्याच्या पायातल्या जंतूला मारणारा फाज वेगळा शोधावा लागेल. सापडला तर पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून शुद्ध करून घेता येईल. मग एथिक्स कमिटी, मग डॉक्टरांची परवानगी, मग आत्याची. आपल्याकडं हे नेहमीचं औषध नाही. दुसरं काहीच चालत नाही असं दाखवलं तरच देता येतं."

"दुसरं कायच चालत न्हाय हे मीच टाईप केलंय मॅडम. पन हे सापडतंय कुटं?"

"जंतू जिथं जास्त, तिथं त्यांना खाणारेही जास्त. गटारात. जितकं घाण तितकं चांगलं."

जोतिरामला हसू आवरेना. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. गटारांना असा कुठलाही नियम लागू नाही. शहरात जी एकच गोष्ट बारा महिने मुबलक आहे, तीच नेमकी औषधाला लागत होती. त्याला वाटलं, आत्याचा पाय वाचला.

पद्धत अशी. गटाराचं पाणी आणायचं, इतक्या बारीक चाळणीतून गाळायचं की जंतू वर राहतील आणि विषाणू खाली उतरतील. ते पाणी आत्याच्या जंतूंबरोबर एका ताटलीत ओतायचं. दुसऱ्या दिवशी ताटलीभर जंतूंची साय धरते. फाज असतील तर त्या सायीला बारीक गोल भोकं पडतात, पेटीत ठेवलेल्या चादरीला कसर लागल्यावर पडतात तशी. घरच्या चादरीला भोक दिसलं तर सोलापूरकराचा जीव जातो. इथं उलटं होतं.

पहिली जागा ठरली शुक्रवार पेठेच्या मागचा नाला. आता दुसऱ्याच्या हद्दीतल्या नाल्यावर असं बाटली घेऊन एकदम कसं जायचं? जोतिरामनं खटपट करून त्या भागाच्या सफाई मुकादमाचा नंबर मिळवला. मल्लप्पा नाव. अक्कलकोटच्या बाजूचा, घरी कानडी बोलणारा, आणि बाहेर बोललेल्या बऱ्याचशा मराठी वाक्यांना शेवटी 'की' लावून बंद करणारा माणूस.

"मल्लप्पा, नमस्कार. लॅबमधून बोलतोय. तुमच्या नाल्याचं पानी तपासायला न्यायचंय. उद्या सकाळी आलं तर चालंल का?"

पलीकडं चाललेला झाडूचा आवाज थांबला.

"तपासायला?"

"व्हय."

"कोण पाठवायलंय?"

"आमच्या मॅडम. डॉक्टर हायेत."

"या की. पण जरा आरामात या. लई लवकर नको. नाष्टा-बिष्टा करून या की."

जोतिराम नाष्टा करून गेला. मल्लप्पा नाल्यावर हजर होता, इस्त्रीच्या शर्टात. चहा आला, बाटली भरली, एकमेकांच्या गावची चौकशी झाली. पाणी लॅबमध्ये आलं, गाळलं, ओतलं. दुसऱ्या दिवशी ताटलीवर जंतूंची साय अखंड, गुळगुळीत, नव्या चादरीसारखी.

होतं असं कधीकधी, म्हणून दुसरा नाला. तिथला मुकादम मल्लप्पाच्या ओळखीचा. जोतिरामच्या वतीनं मल्लप्पानंच त्याला फोन केला. तिथंही चहा, तिथंही चौकशी, तिथंही साय अखंड. तिसरीकडं भजी होती. शहरातल्या सफाई मुकादमांमध्ये जोतिरामचं नाव अदबीनं घेतलं जाऊ लागलं. फाज मात्र एकही नाही. त्याला रात्रंदिवस एकच कोडं: एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या लोकांच्या एवढ्या घाणीत, आत्याच्या जंतूला एकही वैरी नसावा?

इकडं आत्याची साखर मात्र उतरता उतरता थांबली. थांबली आणि पुन्हा चढली. डॉ. मृत्युंजयांनी इन्सुलिन वाढवलं, तरी चढली. जोतिराम एका दुपारी न सांगता वॉर्डात डोकावला, हे त्याच्या स्वभावाला सोडून होतं, तेव्हा आत्या उशीखालच्या डब्यातून गुळाची शेंगापोळी काढून खात होती आणि ऋतुजा दाराकडं पाठ करून पहारा देत होती.

"ह्ये काय चाललंय?"

ऋतुजा म्हणाली, "डॉक्टरच म्हनले न्हवं, साखर उतरली की पाय कापायचा. मग उतरू कशाला द्यायची?"

"अगं, साखरंवर तर जंतू जगत्यात."

आत्या म्हणाली, "जगू दे की. माझ्या पायावर जगत्यात, तुज्या न्हाय."

विचार चुकीचा होता, पण तर्क बिनचूक. त्यानं डबा उचलला. 'परत आणू नको' एवढं ऋतुजाला सांगायला मात्र तो दोन-तीन दिवस विसरला.

अशात एका सकाळी उत्कर्षा मॅडमनी त्याची नवी बाटली उचलली, झाकण काढलं आणि नाकाशी धरली.

"जोतिराम, वास घ्या."

त्यानं घेतला. "काय वास न्हाय की मॅडम."

"तेच म्हणते. गटाराचं पाणी आहे ना?"

"व्हय. सगळ्याच बाटल्या अशा होत्या. मला वाटलं, आपलं नशीब बरं हाय."

मॅडमनी झाकण लावलं. "उद्या मी स्वतः येते."

जोतिरामनं बाहेर येऊन मल्लप्पाला फोन लावला. साहजिक होतं. एवढी मोठी बाई दारात येणार आणि त्या माणसाला पत्ता नको?

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली तेव्हाच मॅडमना दिसलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पावडरच्या सरळ रेघा मारलेल्या होत्या. त्या रेघा धरून चालत गेलं की थेट नाल्यावर पोचायला होत होतं. हवेत पोहण्याच्या तलावाचा वास. नाल्याच्या काठावर सफाई कामगार नव्या कोऱ्या जाकिटात एका रांगेत. पुढं मल्लप्पा, एका हातात हार, दुसऱ्या हातात नारळ, खांद्यावर मॅडमसाठी आणलेला टॉवेल. नाला तळापर्यंत दिसत होता. तळाला एक नाणंही दिसत होतं.

"मॅडम, असला नाला अख्ख्या सोलापुरात दाखवा की," मल्लप्पा म्हणाला. "टँकर मागवून धुतलाय. मग वरनं पावडर. हात आखडता घेतला न्हाय."

मॅडम नाल्याकडं बघत होत्या. "दर वेळी पावडर टाकता?"

"दर वेळी. ह्यांचा फोन आला की पोरं कामालाच लागतेत. दुसऱ्या मुकादमांनाबी मीच सांगून ठेवलो, लॅबवाले येयलेत, पावडर मारा म्हणून." त्यानं जोतिरामकडं मायेनं बघितलं. "फोन करून येणारा माणूस मॅडम आजकाल कुठं मिळतंय? बाकीचे न सांगता येतेत आणि फोटो काढतेत."

मॅडमनीही जोतिरामकडं बघितलं. त्या बघण्यात माया नव्हती.

ब्लीचिंग पावडरनं काय होतं हे जोतिरामला माहीत नव्हतं असं नाही. लॅबमधली टेबलं तो रोज त्याच औषधानं पुसतो, जंतूही मरावेत आणि विषाणूही मरावेत म्हणूनच. पहिल्या दिवशी नाल्याच्या कडेला त्याला पांढरं दिसलंही होतं. पण कुणाच्या दारात गेल्यावर, तुमचं घर एवढं स्वच्छ कसं, असं विचारायची त्याच्याकडं पद्धत नव्हती. आत्याच्या पायाचे इतके दिवस त्यानं मेलेलं पाणी वाहण्यात घालवले होते, तेही रीतसर, आधी कळवून.

मॅडमनी हार घालून घेतला. मग म्हणाल्या, "मल्लप्पा, तुमच्या हद्दीतली सगळ्यात घाण जागा कोणती? तिथलं पाणी हवंय."

मल्लप्पाचा चेहरा बंद झाला. "माझ्या हद्दीत घाण न्हाय."

"असेलच की कुठंतरी. आम्हाला घाणच पाहिजे आहे."

"मग सरळ म्हणा की मॅडम, मला सस्पेंड करायचंय म्हणून."

मॅडमनी त्याला फाज समजावून सांगायला सुरुवात केली. विषाणू, जंतू, संशोधन, नमुना. प्रत्येक शब्दागणिक मल्लप्पा मागं सरकत गेला. ह्यातल्या कुठल्याही शब्दानं आजवर त्याचं भलं केलेलं नव्हतं. नारळ त्यानं कामगाराच्या हातात दिला, फोडला नाही. शेवटी मॅडम घड्याळ बघून रुग्णालयात परत गेल्या. टॉवेल राहिला.

जोतिराम मागं थांबला. दोघं टपरीवर बसले. मल्लप्पानं चहा सांगितला, पण एकच. मग पुन्हा विचार करून दुसरा सांगितला.

"मी तुला चांगला माणूस समजलो होतो बे," तो म्हणाला.

"माझ्या आत्याचा पाय कापायलेत," जोतिराम म्हणाला.

मल्लप्पा चहा ढवळत राहिला. त्या चहात ढवळण्यासारखं काही नव्हतं.

"साखर?"

"व्हय."

"कुठनं कापायलेत?"

"गुडघ्याच्या खाली."

"माझ्या आईचा वरनं कापले." त्यानं कप खाली ठेवला. "आधी खालनं म्हणले होते."

मग जोतिरामनं सांगितलं. विषाणू-बिषाणू नाही; आत्यानं त्याला शाळेत कसं घातलं, ती मेंढरांमागं किती वर्षं चालली, आणि तिच्या पायातल्या जंतूला मारणारं औषध गटारात असतं पण पावडर टाकली की मरतं, एवढंच. मल्लप्पानं सगळं ऐकून घेतलं. आपण इतके दिवस काय केलं हे त्याच्या लक्षात आलं असावं. पण ते त्यानं बोलून दाखवलं नाही, आणि जोतिरामनंही दाखवू दिलं नाही.

"फोटो काढायचा न्हाय," मल्लप्पा म्हणाला.

"न्हाय."

"जागा कुणाला सांगायचं न्हाय. तुझ्या मॅडमलाबी न्हाय."

"न्हाय सांगत."

"आणि परत यायचं झालं तर फोन करू नको. फोन आला की माझ्या हाताला राहवत न्हाय."

त्यानं नेलं ते एका बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीमागं. कोपऱ्यात वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मोठा फ्लेक्स उभा होता. ज्यांचा वाढदिवस होता ते कुणीतरी हात जोडून हसत होते, ऊन-पावसानं अर्धे पुसलेले. मल्लप्पानं फ्लेक्स बाजूला ओढला. मागं एक उघडं, तुंबलेलं चेंबर होतं. कोणत्याही साहेबानं ते कधी बघितलं नव्हतं. साहेब येणार म्हटलं की फ्लेक्स नवा लागायचा.

वास आला तसा जोतिराम दोन पावलं मागं झाला आणि मग चार पावलं पुढं. पाणी काळं होतं, वर फेस होता, आणि आत काहीतरी सावकाश बुडबुडत होतं. परक्या माणसाला घरातलं भांडण ऐकू गेल्यावर घरधनी उभा राहतो तसा मल्लप्पा जमिनीकडं बघत उभा होता.

"लई झकास हाय," जोतिराम म्हणाला.

मल्लप्पानं मान वर केली. चेष्टा आहे का ते आधी नीट बघितलं. "वरच्या दोन दवाखान्यांचंबी हिकडंच येतंय," तो म्हणाला. "पावसाळ्यात तर बघायचं कामच न्हाय की."

त्या पाण्याची ताटली दुसऱ्या दिवशी उबेतून निघाली तेव्हा जोतिरामनं ती उजेडाकडं धरली. साय होती, आणि सायीला भोकं होती. एक-दोन नाही, चाळण झाली होती. तो ती घेऊन केबिनमध्ये गेला आणि मॅडमपुढं ठेवली. मॅडमनी भिंग लावून बघितली, भिंग काढून बघितली, आणि शिपायाला म्हणाल्या, "दोन चहा. साखर घालून." त्यांच्या हाताखाली ज्यांनी वर्षं काढली होती, त्यांना ह्याचा अर्थ कळला.

जागा कोणती, हे त्यांनी विचारलं. जोतिराम म्हणाला, शब्द दिलाय. मॅडमनी नोंदीत 'शहरातील सांडपाणी' असं लिहिलं, जे खोटं नव्हतं.

पुढं पुण्याला नमुना गेला, शुद्ध होऊन परत आला. एथिक्स कमिटीनं दोनदा शंका विचारल्या आणि तिसऱ्यांदा मान्यता दिली. डॉ. मृत्युंजयांनी सगळे कागद शांतपणे वाचले. "मी कापायला उतावीळ आहे असं तुम्ही सगळे समजता," ते म्हणाले. "करून बघा. पण पू कमी झाला नाही, किंवा ताप चढला, तर मी कमिटीला विचारत बसणार नाही. आणि आजींची शेंगापोळी आजपासून बंद." म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं.

संमतीची सही घेण्याआधी औषध काय आहे ते रुग्णाला तिच्या भाषेत सांगावं लागतं. ते काम जोतिरामकडं आलं.

"आत्या, मेंढरं जितं जात्यात तितं लांडगा जातो का न्हाय?"

"जातो मुडदा."

"तसं तुज्या पायात जंतू हायेत, ती मेंढरं समज. त्येंच्यामागचं लांडगं आमी धरून आनलंत. ती पायात सोडायची."

मायाक्कानं आयुष्यात लांडग्याबद्दल एकही चांगला शब्द ऐकला नव्हता. "माज्या पायात लांडगं सोडनार? आनि मग ती मलाच खाल्ली तर?"

"ती मानसाला शिवत न्हाईत. एकाच जातीचं मेंढरू खात्यात. मेंढरं संपली की उपाशी मरत्यात."

"धरून आनली कुटनं?"

इथं जोतिराम अडखळला. पण कागदावर सगळं खरं सांगायचं असं छापलेलं होतं. "गटारातनं. गाळून घेतल्यात. पुन्याला धाडून स्वच्छ केल्यात."

शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती. मग आत्यानं आवाज खाली आणून विचारलं,

"कुनाच्या गटारातलं?"

"म्हंजे?"

"म्हंजे कुनाचं? कसल्या मानसांचं?"

"सगळ्यांचं, आत्या. वर घरं येगळी असत्यात. खाली एकच हुतंय."

तिला हे फारसं पटलं नाही. पण पाय आपला होता. तिनं अंगठा उमटवला आणि अंगठ्याची शाई पुसत म्हणाली, "गावात सांगू नगं. परदेशातनं आनलं म्हन."

औषध म्हणजे दिसायला साधं पाणी. ते भिजवलेल्या पट्ट्या जखमेवर बदलत राहायच्या. सुरुवातीचे दिवस काहीच झालं नाही आणि जोतिरामनं जेवण सोडल्यासारखं केलं. मग हिरवा रंग गेला. पू घटला. नव्या नमुन्याची ताटली लावली तेव्हा आणखी एक गंमत झाली: फाजपासून निसटलेले जे थोडे जंतू उरले होते, ते निसटण्याच्या नादात एका जुन्या, मूत्रपिंडांना झेपणाऱ्या औषधासमोर दुबळे झाले होते. रिपोर्टात एका आरचा एस झाला. जोतिरामनं तो टाईप केला, पुसला, पुन्हा ताटली बघून आला आणि पुन्हा टाईप केला. मग दोन्ही औषधं बरोबर चालली.

दोन बोटं डॉ. मृत्युंजयांनी काढलीच, त्यांतलं हाड कुजलं होतं. पाय राहिला. लॅबमध्ये लोक अभिनंदन करायला लागले तेव्हा उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "एका पायावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या रुग्णाला हा फाज चालेलच असं नाही. पुन्हा गटारं शोधावी लागतील." आणि जोतिरामकडं बघून म्हणाल्या, "न कळवता."

आत्या माळावर परत गेली ती मऊ तळव्याची खास चप्पल घालून, आणि निदान होळीपर्यंत बसून राहायचं अशी ताकीद घेऊन. गावात औषध परदेशी असल्याचं जाहीर झालं. कुठला देश, हे लोकांनी विचारलं तेव्हा तिनं, लई लांबचा, असं सांगितलं.

संक्रांतीनंतर जोतिराम तिला बघायला गेला. घरात ती नव्हती. शेजारणीनं नुसता हात केला, माळाच्या दिशेनं. तो चढ चढून गेला तर समोर मेंढरं आणि मेंढरांच्या मागं मायाक्का, खांद्यावर काठी, उजवा पाय जरासा बाहेर टाकत.

"आत्या, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"बसून ऱ्हा म्हनलं."

"मग?"

"बसलेच हुते की. मेंढरं उठली."

त्यानं तिला धरून दगडावर बसवली, चप्पल काढली आणि तळवा मांडीवर घेऊन उन्हात बघितला. नवी कातडी आली होती, गुलाबी, तिच्या बाकीच्या पायाला न शोभणारी. कुठं ओलं नव्हतं. कुठं वास नव्हता. त्यानं दोनदा बघितलं. मग जोरात म्हणाला, "आता हितनं उठायचं न्हाय. मेंढरं मी बघतो."

आत्यानं काठी त्याच्या हातात दिली.

जोतिराम निघाला. लॅबमध्ये कोटी-कोटी जंतू त्याच्या सांगण्यावर वाढतात आणि मरतात. मेंढरांनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि सगळी मिळून शेजारच्या शाळूच्या रानात शिरली. त्यानं आवाज दिला. त्यांनी कणसं खाल्ली. तो डावीकडून गेला, ती उजवीकडून आत घुसली. रानाचा मालक बांधावर येऊन उभा राहिला आणि जोतिरामच्या शिक्षणाची चौकशी करू लागला.

मागून चपलेचा आवाज आला. आत्या त्याच्याजवळ थांबलीसुद्धा नाही. जाता जाता तिनं त्याच्या हातातली काठी घेतली, तोंडानं एकदा 'हर्र' केलं आणि कळप शाळूतून वळून तिच्या पुढं चालायला लागला.

"जा, बस जा तितं दगडावर," ती मागं न बघता म्हणाली.

जोतिराम दगडावर जाऊन बसला. डॉक्टरांनी बसायला सांगितलं होतं. कुणीतरी बसणं भागच होतं.